दुहेरी टीप

माझ्या दादाने चौतीस वर्षं बसडेपोत वेळापत्रक सांभाळलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण सोडायला गाड्या उरल्या नाहीत म्हणून आता तो माणसं सोडतो. दोन दिवसांच्या आमच्या सहलीचा त्याने कागद केला होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. शनिवारी सात दहाला नाश्ता, सात पस्तीसला निघणे, आठ पाचला घड्याळाचा मनोरा, मनोऱ्यावर बावीस मिनिटं. बावीसच का, तर वीस कमी पडतात आणि पंचवीस म्हणजे लाड. वहिनीने त्यात एकच ओळ स्वतःच्या हाताने घातली होती: शनिवार, रात्री नऊ, नाच. दादाने तिच्यापुढे बारीक अक्षरात साडेदहापर्यंत असं लिहून तिचा निम्मा आनंद आधीच कापून टाकला होता.

सहलीचं खरं कारण मी होते, म्हणून मला बोलायला जागा नव्हती. मी तंबू शिवते. तंबू, ताडपत्र्या, ट्रकची छपरं, जे जाड आणि ओबडधोबड ते सगळं. एकाच कारखान्यात तीस वर्षं झाली. हाताखाली बारा बायका आहेत, शेवटची तपासणी माझी आणि शिक्काही माझाच. मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला मावशी म्हणतो. त्याच्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, वाऱ्याने तंबू उडून गेला तरी चालेल, शिवण उसवता कामा नये. म्हणून आमच्याकडे दुहेरी टीप. एक टीप मारायची, कापड दुमडायचं, त्यावरून दुसरी मारायची. तीस वर्षांत माझी शिवण उसवून परत आली असं एकदाही झालेलं नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगते, असं वहिनीचं मत आहे.

यंदा मालकाने भलतंच काम आणलं. विमानांच्या शर्यतीसाठी कापडी खांब शिवायचे. मोकळ्या माळावर हे खांब पंख्याने हवा भरून उभे करतात, सहा मजल्यांएवढे उंच, आणि दोन-दोन खांबांच्या फाटकांमधून छोटी विमानं सूंऽऽ करत जातात. एका वेळी एकच विमान, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. पंख खांबाला लागला तर वेळेत दंड, आणि खांबाने तिथल्या तिथे फाटायचं. फाटलाच पाहिजे. नाही फाटला तर पंख अडकतो, आणि इतक्या खालून उडणाऱ्या विमानाचा पंख अडकला की पुढचं सांगायला नको. म्हणून कापड पतंगासारखं पातळ, दोरा कच्चा आणि टीप एकेरी. फाटला की तेवढाच वरचा भाग चेनने काढून दुसरा लावतात. ते वरचे भाग आम्ही शिवले.

पहिल्याच दिवशी मी बायकांना बजावलं होतं की बायांनो, आजपासून वाईट शिवायला शिका. त्या हसल्या. मीही हसले. पण खरं सांगते, दुसरी टीप न मारता कापड खाली ठेवायचं म्हणजे मला अंगावर निम्मेच कपडे घालून रस्त्यावर आल्यासारखं वाटायचं.

मालकाने खूश होऊन मला दुसऱ्या शहरातल्या रविवारच्या शर्यतीची तीन तिकिटं दिली. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगी परदेशात, मग दादा आणि वहिनीशिवाय कुणाला नेणार. इथवर सगळं सुतासारखं सरळ होतं.

शुक्रवारी रात्री उशिरा तिथे पोचलो आणि शनिवारी मनोरा झाला, बावीस मिनिटांत. वर काय दिसलं ते विचारू नका, दादा पायऱ्या मोजत होता. मग जुना पूल, पुलावरून चालत जाणे अकरा मिनिटं. मग काचेच्या वस्तूंचं संग्रहालय. तिथे दुसऱ्या मजल्यावर वहिनीच्या पिशवीचा पट्टा तुटला आणि तिचं सगळं सामान घरंगळत काचेच्या कपाटांखाली गेलं. दादाने घड्याळ पाहिलं. मी बाकावर बसले, पर्समधून सुईदोरा काढला आणि पट्टा शिवला. शिवून झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, झालं होतं की. तुमचा हात मेला आपोआपच दुसऱ्यांदा वळतो."

मी पट्ट्याकडे पाहिलं. खरंच दोनदा शिवला होता. दुसऱ्यांदा कधी शिवला हे मला आठवेना.

तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा वरचा भाग माझ्या मशीनवर होता. बायका घरी गेल्या होत्या, खाली गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. चार उभ्या शिवणींतल्या तीन झाल्या होत्या. तेवढ्यात दादाचा फोन आला. फोन मी कानाखांद्यात धरला आणि चौथी शिवण घातली. दादा वेळापत्रक वाचून दाखवत होता, पहिल्या ओळीपासून, आणि मी हं हं करत होते. शिवण संपली, मग मी काय केलं? कापड घडी घातलं की दुमडलं? शिक्का मारलेला मला लख्ख आठवतो. गाडीवाल्याच्या हातात गठ्ठा दिलेला आठवतो. मधलं काहीच आठवत नाही. मधे दादा सांगत होता की संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते.

तपासणी कोणी केली? तपासणी मीच करते. मी शिवलेलं मीच तपासते, आणि माझं मी कशाला तपासू, तीस वर्षांत गरज पडली नाही.

त्यानंतरचा सगळा दिवस माझ्या पायाला भिंगरी लागली होती, पण ती दादाच्या कागदामुळे नव्हे. बोटीत बसलो तर मी बसल्या जागी पाय हलवत होते. काठावर कुठलीशी प्रसिद्ध इमारत आली, सगळे एका बाजूला वाकले, मी दुसऱ्या बाजूच्या पाण्याकडे बघत हवेत बोटं हलवून पाहत होते: टीप, दुमड, टीप. हात सराईतपणे दुमडायचाच. किती वेळा करून पाहिलं तरी दुमडायचाच. वहिनीने विचारलं, पोटात दुखतंय का. मी हो म्हटलं.

दुपारी जेवणाच्या रांगेत दादाला जागा धरायला सांगून मी बाहेर आले आणि मालकाला फोन केला. त्याच्या मागे गाणं चालू होतं, तोही मित्रांना घेऊन याच शहरात आला होता. मी सांगितलं की शेवटच्या भागाची एक शिवण बहुतेक दुहेरी झाली आहे. तो म्हणाला, बहुतेक म्हणजे? मी म्हटलं, आठवत नाही. मग तो हसला. मावशी, आठवत नाही तर खाजवून खरूज कशाला काढता, म्हणाला. पुढच्या वर्षीचं काम आपल्यालाच मिळायचं आहे, त्यांची मोठी माणसं उद्या माझ्या शेजारी बसणार आहेत, आता मी त्यांना जाऊन सांगू की आमच्या मुख्य बाईला स्वतःनेच काय शिवलं ते आठवत नाही? झाकली मूठ राहू द्या. आणि मग मऊ आवाजात म्हणाला, बारा घरं आहेत मावशी त्या कामावर.

बारा नव्हे, तेरा. माझं घर तो मोजायला विसरला, पण मी नाही विसरले.

मी परत रांगेत आले. दादा म्हणाला, चार मिनिटं उशीर. माझ्या मनात आलं, त्या कागदाचा बोळा करावा आणि त्याच्याच खिशात कोंबावा. शुक्रवारी हा दोन मिनिटं गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण हे सगळं माझ्यापाशीच राहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रात्री नऊला आम्ही नाचायला गेलो. तळघरात मोठा हॉल, छताला फिरणारे दिवे, आवाज असा की छातीत धडधड आपली की ढोलाची ते कळू नये. वहिनी छप्पन्न वर्षांची आहे आणि गुडघ्यांबद्दल रोज बोलते. दिवे फिरायला लागले आणि ती सरळ मधोमध जाऊन उभी राहिली, पर्स काखेत घट्ट धरून, आणि नाचायला लागली. पोरंपोरी तिला जागा करून देत होती. दादा खांबाला टेकून घड्याळ आणि बायको यांच्याकडे आळीपाळीने पाहत होता. पुढे तो घड्याळाकडे बघायचा थांबला, हेही मी पाहिलं.

मी एकटी कोपऱ्यातल्या टेबलापाशी आले तर शेजारी नारिंगी पोशाखातली पाच-सहा माणसं. पाठीवर शर्यतीचं चिन्ह. खांब उभे करणारी टोळी होती. त्यांचा मुकादम दाढीवाला, खांद्याने दारासारखा रुंद, पाणी पीत होता. उद्या पहाटे काम म्हणून पाणी, हे त्यानेच सांगितलं. मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगायलाच उघडलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं की खांब फाटला तर तुम्ही काय करता हो?

त्याला विषय आवडला. एक भाग फाटला की पाच मिनिटांत दुसरा चढवतो, म्हणाला. राखीव पाच आहेत. आधी आलेला आधी वापरायचा, मागून आलेला तळाशी. मी विचारलं, सगळ्यात शेवटी आलेला? तो म्हणाला, तो शुक्रवारी रात्री आला, अगदी तळाला आहे, त्याची पाळी काही यायची नाही, गेल्या वर्षी अख्ख्या शर्यतीत दोनच फाटले होते.

माझ्या जिवात जीव आला. मी त्याला सांगितलं नाही. सांगायची आता गरजच काय, असं मनाशी म्हटलं आणि दोन घोट पाणी मीही प्यायले. मग वहिनीने मला ओढलं आणि मी नाचलेसुद्धा. साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले, दादा काही बोलला नाही. खोलीवर येऊन पडले तेव्हा पाय ठणकत होते आणि मी हलकी होऊन झोपले. आज त्याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या टिपेचीही वाटत नाही.

रविवारी वारा सुटला होता.

माळावर माणसंच माणसं. आमच्या जागा चांगल्या होत्या, कठड्याजवळ. खांब लाल-पांढरे, पोट भरलेले, वाऱ्याने डुलत होते. दादा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायला लागला की वरचे भाग माझ्या बहिणीने शिवलेत, तिच्या शिवणीला मरण नाही. मी त्याला कोपराने ढोसलं. तो माणूस आदराने माझ्याकडे बघायला लागला.

चौदा वैमानिक होते. तिसऱ्याचा पंख लागला आणि खांबाचा शेंडा फाटून कापड झेंड्यासारखं फडफडत गेलं. विमान सरळ पुढे निघून गेलं. लोकांनी हुर्यो केली. नारिंगी माणसं धावली, पाच मिनिटांत नवा भाग चढला. मी मनात म्हटलं, चार.

पाचव्या वैमानिकाने येताना एक आणि जाताना एक असे दोन फाडले. दोन उरले. दादा टाळ्या वाजवत होता, म्हणत होता, बघ काय सुरेख फाटतंय. मी देव पाण्यात घालून बसले होते. आठव्याने एक फाडला. नववा सगळ्या फाटकांतून साफ गेला, मी श्वास सोडला, आणि शेवटच्या वळणावर वाऱ्याने त्याला लोटलं आणि त्याने एक फाडला. नारिंगी माणसांनी शेवटची पेटी उघडली. दाढीवाल्याने गठ्ठा खांद्यावर टाकला. इतक्या लांबून शिक्का दिसत नाही, पण मला दिसला.

माझा भाग वर चढला. हवा भरली, छान ताठ उभा राहिला.

"आता पिवळं," वहिनी म्हणाली. पिवळं विमान एका बाईंचं होतं. चौदांत एकटी बाई, म्हणून वहिनी सकाळपासून त्यांच्या बाजूने होती. धावपट्टीच्या टोकाला पिवळ्या विमानाचा पंखा फिरायला लागला.

मी दादाचं मनगट धरलं आणि सगळं सांगितलं. फोन, कानाखांद्यातला, चौथी शिवण, मालक, काल रात्रीचा दाढीवाला, सगळं, एका दमात. त्याला कळेल असं सांगितलं का, तेही माहीत नाही. मग दादाने विचारलं, "चिंगी, खात्री आहे?"

बावन्न वर्षांच्या बाईला तो अजून चिंगी म्हणतो.

"नाही," मी म्हटलं. "खात्री असती तर बरं झालं असतं."

"ब्रेकची खात्री नसली की गाडी सोडत नाहीत," दादा म्हणाला. "असेल-नसेल नंतर बघतात. आधी गाडी थांबवतात."

आणि तो उठला. कठड्यापाशी पहारेकरी होता, त्याने आडवा हात धरला. दादाने त्याला डेपोतल्या आवाजात सांगितलं, ज्या आवाजाला ड्रायव्हर चहा टाकून उठायचे, की खांबात दोष आहे, शिवणाऱ्या बाई या आहेत, विमान सोडू नका, तुमच्या वरच्याला सांगा, आत्ता. पहारेकरी गोंधळला. मी त्याच्या हाताखालून वाकले आणि पळत सुटले. पर्स हातात, चपला गवतात, मागे वहिनी ओरडतेय वन्सं, वन्सं. अख्खा माळ माझ्याकडे बघत असेल. मला फक्त पिवळ्या विमानाचा आवाज ऐकू येत होता, तो वाढत चालला होता.

दाढीवाल्याने मला ओळखलं. मी त्याला म्हटलं, शेवटचा भाग, दुहेरी टीप आहे, फाटणार नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. खांद्यावरच्या यंत्रात एकच शब्द बोलला. पिवळ्या विमानाचा आवाज तसाच राहिला, मग उतरला, मग बंद पडला.

त्यांनी खांबात हवा भरणारा पंखा बंद केला. खांब हळूहळू वाकला आणि गवतावर पसरला. भोंग्यातून थोडा वेळ थांबावं लागेल असं सांगितलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मोठ्या माणसांच्या मंडपातून मालक धावत येताना दिसला, टाय खांद्यावर उडालेला. पिवळ्या विमानाच्या बाईही आल्या, शिरस्त्राण काखेत, केस घामाने चिकटलेले. माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील.

मी गवतावर बसून कापड चाळलं. पहिली शिवण एकेरी. दुसरी एकेरी. तिसरी एकेरी. शिक्क्याशेजारची चौथी उलटून पाहिली आणि तिथे दोन टिपा होत्या. शेजारी शेजारी, वरपासून खालपर्यंत, कुठे अर्ध्या दोऱ्याचासुद्धा फरक नाही. इतकी सुंदर शिवण मी त्या महिन्यात दुसरी घातली नव्हती.

दाढीवाल्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. शिवण बधली नाही. बाईंनी ओढून पाहिलं. नाही बधली.

"ही कोणी शिवली?" त्यांनी विचारलं.

मालक घाईने म्हणाला की आमच्याकडे बारा जणी काम करतात, कोणती कुणाची ते असं सांगता येत नाही, चौकशी करू, संबंधितांवर कारवाई करू. बोलताना तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी मला सांगत होता की मावशी, दार उघडं ठेवलंय, निघा.

माझ्या बारा जणी शुक्रवारी साडेपाचला घरी गेल्या होत्या.

"मी शिवली," मी म्हटलं. "तपासलीही मीच. शिक्का माझा आहे. आणि काल सकाळपासून मला शंका होती. काल रात्री या मुकादमांना भेटले तेव्हाही होती, सांगितलं नाही."

दाढीवाला माझ्याकडे बघतच राहिला. मालक हळूच म्हणाला, सोमवारी ऑफिसात या, बोलू. काय बोलणार ते मला कळलं होतं. त्या क्षणी मात्र माझं लक्ष बाईंच्या तोंडाकडे होतं, त्या आता मला काय म्हणतील याकडे. म्हणायला हवं होतं. त्यांच्या जागी मी असते तर माझ्या तोंडाचा पट्टा थांबला नसता.

त्या म्हणाल्या, "दुसरा भाग आहे का?"

नव्हता. पाचही संपले होते. आत्ता दुरुस्त होईल का, असं त्यांनी दाढीवाल्याला विचारलं आणि दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"दहा मिनिटं द्या," मी म्हटलं.

मालक पुढे झाला, म्हणाला, आता यांच्या हातात परत कशाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी पर्समधली छोटी कात्री काढली. वहिनी कधी येऊन पोचली होती कुणास ठाऊक, तिने फतकल मारून कापडाचं एक टोक ताणून धरलं, दुसरं दाढीवाल्याने धरलं. वारा कापड हिसकत होता. मी दुसरी टीप उसवायला लागले. एक टाका कापायचा, चार सोडायचे, ओढायचं, पुन्हा एक कापायचा. तीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या चुका उसवल्या, माझी स्वतःची पक्की शिवण कधी नाही. पहिल्या टिपेला धक्का लागू द्यायचा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं तर वहिनीने आपल्या पदराने पुसलं, कारण माझे हात मोकळे नव्हते. शेवटचा दोरा ओढून काढला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती, हे दादाने नंतर सांगितलं.

बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"आता फाटेल?"

"फाटेल."

"नक्की, काकू?"

मी त्यांना म्हटलं, "बाई, आजवर मी लोकांना सांगत आले की माझं शिवलेलं फाटत नाही. हे फाटेल."

त्या उठल्या, शिरस्त्राण डोक्यावर चढवलं आणि चालत विमानाकडे गेल्या.

आम्हाला कठड्याबाहेर नेलं. दादाने माझ्यासाठी जागा धरली होती, पण मला बसवेना, मी उभीच राहिले. खांब पुन्हा ताठ उभा राहिला. पिवळं विमान उठलं, वळलं, पहिल्या फाटकातून आडवं होऊन गेलं, दुसऱ्यातून गेलं. वहिनी माझ्या दंडाला नखं रोवून उभी होती. भोंगा ओरडून सांगत होता की आतापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ, अर्ध्या सेकंदाने पुढे. लोक उठून उभे राहिले. शेवटचं वळण घेऊन विमान माझ्या खांबाकडे आलं आणि वाऱ्याचा एक मोठा झोत आला. मी गवत झोपताना पाहिलं. विमान किंचित खाली बसलं आणि पिवळा पंख सरळ माझ्या कापडात घुसला.

चौथी शिवण वरपासून खालपर्यंत उकलली. काहीही न धरता, काहीही न अडवता. लाल कापडाचे दोन पाखे दोन बाजूंना उडाले आणि त्यांच्यामधून पिवळं विमान जसं आलं तसं निघून गेलं, वर चढलं, आकाशात लहान झालं.

सगळा माळ एका आवाजात हळहळला. दंड पडला, बाई पहिल्यावरून पार सहाव्या क्रमांकावर गेल्या. वहिनी कपाळावर हात मारून रडकुंडीला आली. शेजारचा तो सकाळचा अनोळखी माणूस माझ्याकडे चिडून बघायला लागला, कारण हजारो माणसांत मी एकटीच टाळ्या वाजवत होते. हात लाल झाले, झोंबायला लागले, तरी मला थांबता येईना.